मल्लाण्णांचा एक गुण

कुणाचं काम फसलं की मल्लाण्णा त्याला एक गुण द्यायचे. मनातल्या मनात नव्हे. मोठ्यानं, भर रस्त्यात, उजव्या हाताचं एक बोट आभाळाकडं करून. "रुजला! एक!"

आमच्या शाळेत हेडमास्तरांची जागा रिकामी झाली आणि संस्थेनं माझ्याऐवजी माझ्याहून धाकट्या माणसाला तिथं बसवलं, त्या संध्याकाळी मी सायकल हातात धरून गल्लीत शिरत होतो. कुणी भेटू नये, कुणी विचारू नये, एवढीच इच्छा. पण मल्लाण्णा फाटकातच उभे होते.

"काय मास्तर, झालासा का हेडमास्तर?"

मी मान हलवली.

"मुलाखतीपत्तुर गेल्तासा न्हवं?"

"गेलो होतो की."

"मग रुजला! एक!"

समोरच्या गिरणीत दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. त्यातल्या एकीला वाटलं मला काहीतरी मिळालंय. तिनं पेढे मागितले.

एकदा मी त्यांना आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची फायनल बघायला नेलं, ही माझी अक्कल. शेवटच्या मिनिटाला आमच्या पोरानं मारलेला बॉल आडव्या दांड्याला लागून वरून गेला आणि आम्ही हरलो. सगळ्या गॅलरीनं डोक्याला हात लावलेला, कुणाच्या तोंडून शब्द नाही, आणि त्या शांततेत हे उभे राहिले. "रुजला! एक!" कोल्हापुरात माणूस एक वेळ दुसऱ्याच्या लग्नात बिनबोलावता जेवून पचवेल, पण असलं बोलून पचवू शकत नाही. पुढच्या रांगेतला एकजण बाह्या सावरत म्हणाला, "पावणं, कुठल्या गावचं?" मी त्यांना दंडाला धरून मागच्या दारानं बाहेर काढलं. वाटेत ते माझ्यावरच चिडले. "चुकलेला धरत न्हाईसा, आणि म्हणं खेळ."

मल्लाण्णा कसबा बावड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. शाहूपुरीत त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. मूळ गाव कर्नाटकाच्या सीमेला, तिथं थोडी शेती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा सदरा, आणि खिशात कायम कसलं ना कसलं बी. बोलणं असं, की समोरचा माणूस दोन शेतं पलीकडं उभा आहे. घरात आवाज तेवढा त्यांचाच. त्यांच्या पत्नी गौराक्का बोलायच्या नाहीत, आणि तिसरं माणूस घरात नव्हतं.

केबल नवी नवी आली त्या वर्षांत आमच्या केबलवाल्याच्या छत्रीत कुठून कुठून खेळाची चॅनेलं पडायची. त्यात मल्लाण्णांना अमेरिकेतला फुटबॉल सापडला. आता कोल्हापुरातलं पोरगं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं. आम्हाला फुटबॉल काय तो कुणी शिकवायला नको. मी त्यांच्या घरी गेलो तर पडद्यावर चिलखत घातलेली माणसं नारळाच्या आकाराचा बॉल काखेत मारून पळत होती.

"मल्लाण्णा, ह्यात पाय कुठं आहे?"

"पायानंच पळायलेत की!"

त्यांना तो खेळ का आवडला, ते मला पुढं कळलं. तिथं गडी दहा यार्ड पुढं सरकला की नाही हे बघायला दोन माणसं चक्क साखळी घेऊन मैदानात येतात. साखळी दिसली की मल्लाण्णा पुढं सरकून बसायचे. "ह्यो खेळ न्हवं मास्तर, मोजणी हाय. बांधाचं भांडान हाय हे. फकस्त तलाठी पैसं खाईत न्हाई."

हा खेळ थंडी संपताना संपायचा आणि मल्लाण्णांवर अवकळा यायची. पुढचे महिने ते गिऱ्हाइकांवर खेकसत काढायचे. मग एका जूनमध्ये, ऐन पेरणीच्या धामधुमीत, दुपारच्या वेळी तोच खेळ पुन्हा दिसायला लागला. पण काहीतरी चुकत होतं. मैदान भलतंच रुंद, माणसं जास्त. मल्लाण्णांनी केबलवाल्याला बोलावून घेतलं. "चित्र ताणलंय. सरळ कर." त्यानं टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा मारल्या, वायर काढून घातली, गच्चीवर जाऊन आला. चित्र तेवढंच रुंद. शेवटी जमिनीवर तांदूळ निवडत बसलेल्या गौराक्का म्हणाल्या, "माणसं बारा हाईत. मी मोजलो."

तो कॅनडाचा खेळ होता. तिथले लोकही त्याला फुटबॉलच म्हणतात. जगात कुणाला लाज म्हणून नाही. मल्लाण्णा मात्र त्या दिवसापासून अमेरिकेचे राहिले नाहीत. मला रोज फाटकात अडवून ते एकेक कारण सांगायचे. मी विचारलेलं नसायचंच.

"मास्तर, अमेरिकंत धा यार्ड जायला चार खेपा देत्यात. चार खेपा म्हंजे सरकारी नोकरी. आज न्हाई झालं तर उद्या. कॅनडात तीनच. खरीप, रब्बी, उन्हाळी. तीन हंगामात काय ते करून दावा, न्हाईतर जमीन दुसऱ्याला."

"आणि माणसं बारा कशाला?"

"अकरा म्हंजे टीम. बारा म्हंजे गाव. बारा बलुतेदार न्हाईत व्हय?"

दुसऱ्या दिवशी आणखी. "वरनं येणारा बॉल झेलाय गडी हुबा ऱ्हायला, की पाच यार्डांच्या आत कुणी जायचं न्हाई. झेलू देत्यात बिचाऱ्याला. मग हाणत्यात. अमेरिकंत त्या गड्याला हात वर करून 'मला मारू नगासा' म्हणाय लागतंय. ह्ये काय जगणं झालं?"

संघ म्हणाल तर आठ-नऊच, आणि त्यातल्या दोघांची नावं जवळजवळ एकच. हे ऐकून मलाही जरा बरं वाटलं. इतक्या लांबच्या थंड देशातसुद्धा आपल्यासारखेच हट्टी लोक आहेत, एक नाव दोघांनी धरून ठेवलंय आणि सोडायला कुणी तयार नाही.

दुकान मात्र दुपारी बंद व्हायला लागलं. पेरणी तोंडावर आलेले शेतकरी बंद शटरपुढं पिशव्या घेऊन बसायचे. शेजारचा खतवाला त्यांना सांगायचा, "मालक कॅनडाला गेल्यात. चारला येतील."

ह्या सगळ्यात गौराक्का कायम त्यांच्याबरोबर असायच्या. आमच्या गल्लीत नवरा-बायको मिळून एखादी गोष्ट बघतात असं ते एकच घर. बाकी त्या कुठं जायच्याच नाहीत. डोहाळजेवण असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, बोलावणं गेलं की निरोप ठरलेला, "पाठीत कळ आलीया." मी एकदा बायकोला म्हटलं, त्यांना चांगल्या डॉक्टरला दाखवायला हवं. ती म्हणाली, "पाठ धडधाकट आहे त्यांची. तिथं गेल्यावर बायका पहिला प्रश्न काय विचारतात? मुलं किती?"

मग तिनं सांगितलं. गौराक्कांनी तिला एकदाच, भाजी चिरता चिरता, खाली मान घालून सांगितलेलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गावी बाळंतपण होतं. दिवस पूर्ण भरलेले. मूल अडलं. जीप मिळवून डॉक्टरला आणेपर्यंत उशीर झाला. मुलगा होता. त्या शुद्धीवर यायच्या आत पुरुष माणसांनी त्याला नेऊन शेताच्या कोपऱ्यात पुरलंसुद्धा. गौराक्कांना तोंड बघायलाही मिळालं नाही. आणि सासूनं घरातल्या सगळ्यांना बजावलं, "रडलंच न्हाई त्ये. धरायचं न्हाई."

पुन्हा दिवस राहिले नाहीत. कुणी विचारलं, किती मुलं, की सासू म्हणायची, न्हाई. सासू गेल्यावर मल्लाण्णा म्हणायचे, न्हाई. गौराक्का माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "दर बारीला त्याला पुन्यांदा पुरल्यागत हुतंय. म्हणून मी जाईतच न्हाई कुठं."

हे ऐकल्यावर मला त्या घरात जाऊन मोठ्यानं बोलायला अवघड वाटायला लागलं. पण भिंतीला भिंत. एका दुपारी काहीतरी मागायला गेलो आणि मल्लाण्णांनी हाताला धरून बसवलं. दोन्ही संघांचे गुण सारखे होते, खेळ संपायला आला होता. एका बाजूनं शेवटचा बॉल मारला. ह्यात पाय होता, म्हणून मीही पुढं वाकून बघायला लागलो. बॉल दोन खांबांच्या मधून जायला पाहिजे. तो बाजूनं गेला.

"संपलं. चुकला," मी म्हणालो.

बॉल पलीकडच्या संघाच्या घरात पडला. खांबांच्या मागं त्यांची एक मोठी मोकळी पट्टी असते, तिथं. त्यांच्या गड्यानं तो उचलला, बाहेर काढायला धावला, पण ह्यांनी त्याला तिथंच आडवा केला. शिट्टी झाली. पंचानं एक बोट वर केलं. आणि चुकलेला संघ एका गुणानं जिंकला. समालोचक ओरडत होता, "रूज! रूज!"

मल्लाण्णा माझ्याकडं बघायला लागले. इंग्रजीचा अर्थ सांगणं हे माझं काम.

"तो म्हणतोय, नेम चुकला, पण बॉल पार तिथवर गेला. त्यांना तो बाहेर काढता आला नाही. म्हणून एक गुण." आणि माझा कोल्हापुरी जीव खवळला. "हा काय खेळ झाला? चुकलेला धरतात?"

गौराक्कांचा तांदळातला हात थांबला.

"धरत्यात?" त्यांनी विचारलं. त्या मला कधी काही विचारत नसत.

"धरतात."

"एक?"

"एक."

"मग बरोबर हाय की," त्या म्हणाल्या. "तितपत्तुर गेल्ताच न्हवं त्यो." आणि सूप उचलून आत गेल्या.

मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. मल्लाण्णा पडद्याकडं बघत राहिले. तिथं साबणाची जाहिरात चालू होती, ती त्यांनी पूर्ण बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात. "मास्तर, त्यो सबूद आपला हाय. बॉल जमिनीत पडला, बाहीर आला न्हाई. मग काय म्हणायचं त्याला? रुजला."

मी मराठीचा मास्तर. मी सांगितलं, हा शब्द फ्रेंच दिसतो, बायका गालांना लावतात तो रूज. मल्लाण्णांनी माझी कीव केली. "गालाचा आणि बॉलचा काय संबंध? तुम्ही शाळंत ह्येच शिकिवताय व्हय?"

"पण मल्लाण्णा, रुजलं म्हणजे उगवायला पाहिजे."

"कोण म्हणतंय? रुजणं निराळं, उगवणं निराळं. जमिनीनं धरलं की रुजलं. उगवायचं का न्हाई ते पुढचं."

हीच भाषा ते दुकानातही वापरायला लागले. बियाणं उगवलं नाही म्हणून एक शेतकरी रिकामी पिशवी घेऊन भांडायला आला, तर हे म्हणाले, "उगवलं नसंल, पर रुजलंय." तो म्हणाला, "त्ये रुजलेलं घिऊन काय करू? बायकोला भाकरी कर म्हणू त्याची?" शेवटी त्याला दुसरी पिशवी द्यावी लागली. जाताना मल्लाण्णांनी त्यालाही एक गुण दिला.

तेव्हापासून गल्लीत कुणी सुटेना. एसटी चुकलेला माणूस, दहावीला एका विषयात नापास झालेलं पोरगं, मुलगी बघून नकार घेऊन आलेला केबलवाला, सगळ्यांना एकेक गुण. लोक हसायचे, कुणी चिडायचे. म्हातारा खुळावला, असं मीही म्हणालो. बायको म्हणाली, "खुळावले नाहीत. एक म्हणायची सवय करतायत."

मला ते पटलं. पण सवय ज्यासाठी चालली होती तिथं ती कामाला येत नव्हती. दुकानात एका ओळखीच्यानं मल्लाण्णांची नवीन पावण्याशी गाठ घालून दिली तेव्हा मी तिथंच होतो. पावण्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "मुलंबाळं किती?" मल्लाण्णांचं बोट गल्ल्यावरून जरासं उचललं गेलं. आणि ते म्हणाले, "न्हाई." मग उगीचच मापाच्या डब्यातलं बी ढवळत बसले. पावणं निघून गेल्यावर मला म्हणाले, "पुढं 'पोरगा काय करतोय?' असं विचारलं असतं, तर काय सांगायचं हुतं, मास्तर?"

पुढं केबलवाल्यानं छत्री बदलली आणि कॅनडा गेला. मल्लाण्णांनी त्याला शिव्या दिल्या, जास्त पैसे देऊ केले, पण त्याच्या हातात काही नव्हतं. नवीन शतक आलं, चॅनेलं शंभर झाली, त्यात तो खेळ तेवढा नव्हता. तरी दुपारी शटर खाली ओढून ते घरी यायचे आणि दोघं टीव्हीपुढं बसायची. क्रिकेट चालू असायचं. मी गेलो तर कुणी खेळाकडं बघत नसायचं. मल्लाण्णा थकले होते, गौराक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. इतकी वर्षं एकमेकांजवळ बसलेली ती दोन माणसं मला तेव्हा फार एकटी वाटायची. भिंतीपलीकडून मल्लाण्णांचा आवाजही कमी यायला लागला.

अशात माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. बारशाचं बोलावणं करायला बायको गेली आणि पाठीच्या कळेचा निरोप घेऊनच परत येणार, हे मी धरून चाललो होतो. ती आली ती गोंधळलेली. "गौराक्का येते म्हणाल्या."

"का?"

"डोळ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. त्या म्हणाल्या, डोळ्याचं काय होईल ते होवो, त्याच्या आधी एक तान्हं तोंड नीट बघायचंय, जवळून."

बारशाच्या दिवशी त्या आल्या. हिरवं इरकल नेसून, भिंतीच्या कडेनं, चोरासारख्या. मागून मल्लाण्णा. बायकोनं त्यांना सरळ पाळण्यापाशी नेऊन बसवलं आणि दोरी हातात दिली. दोन-चार बायकांनी एकमेकींकडं बघितलं. माझी बायको अशा वेळी कुणाला भीत नाही. गौराक्कांनी पाळण्यात वाकून, नाक लागेल इतक्या जवळून बाळाचं तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं.

आम्ही पुरुष बाहेर व्हरांड्यात पंगतीला बसलो होतो. दार उघडं होतं. मल्लाण्णा माझ्या शेजारी. ते घुगऱ्यांतले हरभरे बोटांनी चाचपून कुठल्या जातीचे ते मला सांगत होते.

बायकोची मलकापूरची मावशी आत घुगऱ्या वाटत फिरत होती. मनानं चांगली बाई, पण तोंडाला दार नाही. ती गौराक्कांपुढं थांबली.

"तुमास्नी किती ओ मुलं?"

माझी बायको हातातलं तबक टाकून तिकडं निघाली. मल्लाण्णांचा घास पानावरच राहिला. ते उत्तर द्यायला तोंड उघडत होते, इतक्या वर्षांचं ते ठरलेलं उत्तर.

"एक," गौराक्का म्हणाल्या.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगा."

"काय करतोय?"

मल्लाण्णा ज्या प्रश्नाला भीत होते, तो आला होता. कॅनडाच्या नियमांत ह्याचं उत्तर नव्हतं.

"गावाकडं असतोय," गौराक्का म्हणाल्या. "शेतात."

"बरं हाय बाई!" मावशीनं त्यांच्या ओंजळीत जास्तीच्या घुगऱ्या घातल्या. "आमची दोन्ही पुण्याला पळाली. आजकाल कुणाची पोरं ऱ्हात्यात शेतात?"

"आमचा ऱ्हायला," गौराक्का म्हणाल्या, आणि पाळण्याची दोरी ओढली.

मी मल्लाण्णांकडं बघितलं. सगळ्या बावड्यात ओरडत फिरलेला माणूस. आता ओरडतील असं वाटलं, आणि ओरडले असते तर मी त्यांना अडवलं नसतं. पण त्यांचे ओठ नुसतेच हलले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. उजव्या हाताचं, भात लागलेलं एक बोट त्यांनी पानावरून जेमतेम वीतभर वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते दिसलं असेल का, मला शंका होती. पण आतून गौराक्कांनी मान हलवली.